गळ्यातला देवदूत : एंजल नाणं, राजाचा हात आणि गंडमाळ

आजचा विषय कळल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं, "देवदूतांच्या पदकांवर कसलं आलंय व्याख्यान? सोनाराकडे गेलं की दहा नमुने समोर ठेवतो." खरं आहे. पंख पसरलेला इवलासा देवदूत, बारीक साखळीत ओवलेला, बाळाच्या वाढदिवसाला किंवा परगावी शिकायला निघालेल्या मुलीला द्यायचा, हा प्रकार आता आपल्याकडेही रुळला आहे. देणारा म्हणतो, "हा तुला सांभाळील." घेणारी तो गळ्यात घालते. विषय तिथे संपतो.

आम्हाला तो तिथे संपला असं वाटत नाही. रक्षणासाठी गळ्यात घातलेली वस्तू, मग तिला ताईत म्हणा, पदक म्हणा, नेमकं कोणाचं रक्षण करते? जो ती घालतो त्याचं, की जो ती देतो त्याचं? असा प्रश्न नुसता विचारून भागत नाही, त्याला एखादं धडधडीत उदाहरण लागतं. म्हणून आज आपण एकाच देवदूताचा माग काढू. हा देवदूत एका सोन्याच्या नाण्यावर होता. नाण्याचं नाव एंजल, म्हणजे देवदूतच. इंग्लंडमध्ये ते १४६५ साली निघालं आणि १६४२ पर्यंत पाडलं जात होतं. ज्या विधीमुळे ते लोकांच्या गळ्यात गेलं, तो विधी त्यानंतरही १७१४ पर्यंत चालला.

ही नाणी आज संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांतल्या कित्येकांना कडेजवळ एक भोक असतं. नाणी जमवणाऱ्याच्या दृष्टीने भोक म्हणजे खोट, किंमत लगेच उतरते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ते भोक एखाद्या दस्तऐवजासारखं वाटतं. हे नाणं बाजारातून उठून कोणाच्या तरी गळ्यात गेलं होतं, एवढं ते सांगतं. कोणाच्या आणि कशासाठी, ते आता पाहू.

देवदूत आणि रोगराई

नाण्यावरचा देवदूत म्हणजे मायकेल. ज्यू, ख्रिस्ती आणि इस्लाम या तिन्ही परंपरांत तो आहे. इस्लाममध्ये त्याला मिकाईल म्हणतात. ख्रिस्ती चित्रांत तो स्वर्गाच्या सैन्याचा सेनापती असतो. पायाखाली राक्षसी सर्प आणि हातात भाला किंवा तलवार.

देवदूतांची नावं लिहून किंवा कोरून अंगावर बाळगायची चाल फार जुनी आहे आणि धर्मसत्तेला ती सुरुवातीपासून खटकत होती. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या लाओदिकेया या गावी ख्रिस्ती धर्मसभा भरली. तिने केलेल्या नियमांत एक नियम देवदूतांना आळवण्याविरुद्ध आहे, आणि त्याला लागूनच दुसरा नियम ताईत करणाऱ्या पाद्र्यांविरुद्ध. आता बघा, जी गोष्ट कोणी करत नाही तिच्यावर कोणी बंदी घालत नाही. लोक देवदूतांना हाक मारत होते, ताईत घालत होते, आणि ते ताईत काही पाद्रीच तयार करून देत होते, असा या दोन नियमांचा सरळ अर्थ होतो.

मायकेल आणि रोगराई यांची जोडी रोममधल्या एका कथेने पक्की केली. ५९० साली रोममध्ये प्लेगची साथ होती. पोप ग्रेगरीने प्रार्थनेच्या मिरवणुका काढल्या. पुढच्या काळात अशी कथा रूढ झाली, की मिरवणूक सम्राट हेड्रियनच्या समाधीजवळ आली तेव्हा समाधीच्या माथ्यावर मायकेल दिसला, तो तलवार म्यान करत होता, आणि साथ ओसरली. त्या वास्तूला आज 'देवदूताचा किल्ला' म्हणतात आणि तिच्या शिखरावर मायकेलचा पुतळा उभा आहे. घडलं की नाही हा प्रश्न वेगळा. रोगापासून सोडवणारा देवदूत कोण, तर मायकेल, हे युरोपातल्या सामान्य माणसाच्या मनात पुरतं ठसलं होतं, ते आपल्या कामाचं आहे.

नाणं केवढ्याचं?

चौथ्या एडवर्डने १४६५ साली एंजल काढलं तेव्हा ते गळ्यात घालण्यासाठी काढलेलं नव्हतं. ते व्यवहाराचं नाणं होतं. एका बाजूला सर्पाला भाल्याने मारणारा मायकेल. दुसऱ्या बाजूला जहाज, जहाजाची डोलकाठी म्हणजेच क्रूस, आणि भोवती क्रूसाने आमचं रक्षण कर अशा आशयाची लॅटिन प्रार्थना. वजन पाच ग्रॅमहून थोडं जास्त, म्हणजे आपल्या आजच्या हिशेबाने अर्धा तोळा. सोनं जवळजवळ शुद्ध.

त्याची किंमत होती ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे ८० पेन्स. त्या काळी दक्षिण इंग्लंडमध्ये गवंडी किंवा सुतार दिवसाला साधारण ६ पेन्स मिळवायचा आणि बिगारी ४ पेन्स. म्हणजे एक एंजल ही कारागिराची तेरा दिवसांची कमाई झाली आणि बिगाऱ्याची वीस दिवसांची. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे. कारण हेच नाणं पुढे राजाच्या हातून गरिबाच्या गळ्यात फुकट पडू लागलं.

हात लावणारा राजा

आता रोगाकडे येऊ. इंग्रजीत त्याला स्क्रोफुला म्हणत. मराठीत आपल्याकडे नेमका शब्द आहे, गंडमाळ. मानेभोवती गाठी येतात, एकीला लागून दुसरी, माळेसारख्या. त्या वाढतात, फुटतात, वाहतात, व्रण राहतात. आज आपल्याला ठाऊक आहे, की बहुतेक वेळा हा लसिकाग्रंथींचा क्षयरोग असतो. पण क्षयाचा जंतू रॉबर्ट कोखने १८८२ साली दाखवला. त्याआधीच्या लोकांपुढे होत्या त्या फक्त गाठी, वास आणि तोंड फिरवणारे शेजारी.

इंग्लंड आणि फ्रान्स या दोन देशांत असा समज होता, की राज्याभिषेक झालेल्या राजाने हात लावला तर गंडमाळ बरी होते. म्हणून इंग्रजीत या रोगाचं नावच 'राजाचा रोग' पडलं. आपल्याकडे क्षयाला राजयक्ष्मा म्हणतात, तेव्हा ऐकताना गंमत वाटते. पण तो योगायोग. तिकडे रोगाला राजाचं नाव मिळालं ते राजा तो बरा करतो म्हणून. इकडे पुराणकथेप्रमाणे तो सोमराजाला, म्हणजे चंद्राला झाला म्हणून.

फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी १९२४ साली या विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला. राजे खरंच रोग बरे करत होते का, यावर ते अडून बसले नाहीत. त्यांनी विचारलं, की लोकांना हे इतकी शतकं का पटत राहिलं आणि राजांना ते का हवं होतं? आज आपण जे बोलतो आहोत त्याची वाट त्यांनी घालून दिलेली आहे.

इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या, म्हणजे तेराव्या शतकाच्या शेवटच्या काळातले खर्चाचे हिशेब उपलब्ध आहेत. राजाने हात लावलेल्या प्रत्येक रोग्याला एक पेनी दिल्याची त्यांत नोंद असते. काही वर्षांत हा आकडा हजाराच्या वर जातो. तेव्हा ती पेनी हा दानधर्म होता. कोणी ती गळ्यात घालावी अशी अपेक्षा नव्हती.

मग एका पेनीची जागा सोन्याच्या देवदूताने का घेतली? उत्तर राजकारणात आहे. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीवरून यॉर्क आणि लँकेस्टर ही दोन घराणी एकमेकांच्या जिवावर उठली होती. चौथ्या एडवर्डने सहाव्या हेन्रीला हटवून गादी घेतली, तेव्हा हेन्रीच्या बाजूचे कायदेपंडित सर जॉन फोर्टेस्क्यू यांनी लिहिलं, की रोग बरा करण्याची शक्ती खऱ्या राजाच्या हातात असते, ती हेन्रीकडे आहे, गादी बळकावणाऱ्याकडे नाही. त्यांनी आणखीही एक मुद्दा मांडला. राज्याभिषेकात राणीच्या हातांना तेल लावत नाहीत, म्हणून ही शक्ती बाईकडे येऊ शकत नाही. सबब गादीही बाईकडे जाऊ नये. रोग्याच्या गाठींवरचा हात हा वारसाहक्काचा पुरावा झाला होता.

१४८५ साली सातव्या हेन्रीने लढाई जिंकून गादी मिळवली. रक्ताच्या नात्याने त्याचा हक्क लंगडा होता. या हेन्रीच्या काळात हात लावण्याच्या विधीला ठरीव रूप आलं आणि रोग्याला एंजल देण्याची प्रथा पक्की झाली. ज्याचा हक्क लंगडा, त्याने चमत्काराला सोन्याची जोड दिली. ८० पेन्सांचं नाणं, त्यावर रोग निवारणारा मायकेल, आणि ते गळ्यात घालून गावोगाव परत जाणारी माणसं. राजाच्या हक्काची याहून चांगली दवंडी कोणती?

अगदी नड आली तरच मोडा

फोर्टेस्क्यूंनी बायकांना हे जमणार नाही असं लिहिलं, त्याला शंभर वर्षंही उलटली नाहीत तोच इंग्लंडच्या गादीवर लागोपाठ दोन राण्या आल्या, मेरी आणि एलिझाबेथ. दोघींनी हात लावला, दोघींनी एंजल दिलं.

मेरीच्या विधीचं एका प्रत्यक्षदर्शीने केलेलं वर्णन आहे. मार्कान्तोनिओ फाइत्ता हा इटालियन गृहस्थ कार्डिनल पोल यांच्या पदरी होता. १५५६ सालच्या गुड फ्रायडेला त्याने जे पाहिलं ते पत्रात लिहून ठेवलं. रोगी चारच होते. राणी गुडघ्यांवर होती. तिने प्रत्येकाच्या गाठींवर क्रूसाच्या आकारात हात दाबला. मग रोग्यांना पुन्हा पुढे आणलं. भोक पाडलेलं एंजल राणीने त्या दुखऱ्या जागेला लावलं, त्यात फीत ओवली आणि ती गळ्यात बांधली. आणि बांधताना त्यांच्याकडून एक वचन घेतलं, की हे नाणं अगदी टोकाची गरज पडल्याशिवाय अंगावेगळं करायचं नाही.

ही अट आम्हाला फार बोलकी वाटते. राणीला ठाऊक होतं, की समोरचा माणूस गरीब आहे आणि आपण त्याच्या गळ्यात बांधतोय ते सोनं आहे. तो ते मोडणार हे तिने गृहीत धरलं होतं. म्हणून तिने "कधीच मोडू नका" असं म्हटलं नाही. तिने दार बंद केलं, पण कडी लावली नाही.

एलिझाबेथच्या वेळी नाण्याचं राजकारण आणखी वाढलं. १५७० साली पोपने तिला धर्मबहिष्कृत केलं. त्यावर विल्यम टुकर या तिच्या धर्मगुरूने १५९७ साली पुस्तक लिहून राणीच्या हाताने बरे झालेल्यांच्या हकिगती मांडल्या. राणीच्या समर्थकांचा युक्तिवाद साधा होता. पोपचा शाप लागला असता तर देवाने तिच्या हातात ही शक्ती ठेवली असती का? म्हणजे गंडमाळेच्या रोग्याने बरं व्हायचं होतं ते राणीच्या धोरणाची साक्ष म्हणूनही.

१६०३ साली जेम्स राजा स्कॉटलंडहून आला. कडक प्रोटेस्टंट वळणात वाढलेल्या या राजाला सगळा प्रकार अंधश्रद्धा वाटत होता. त्याला तो बंद करायचा होता. सल्लागारांनी समजावलं, की हा राजमुकुटाचा मान आहे, सोडू नका. अखेर तो तयार झाला, पण क्रूसाची खूण गाळून, आणि ही केवळ प्रार्थना आहे असं म्हणून. म्हणजे देणाऱ्याचा विश्वास नाही, तरी देवदूत गळ्यात पडतोच आहे.

याच जेम्सच्या काळात शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' आलं. त्यात अकराव्या शतकातला राजा एडवर्ड रोग्यांच्या गळ्यात सोन्याचं नाणं अडकवतो असा उल्लेख आहे. अकराव्या शतकात एंजल कुठलं? ते यायला अजून चारशे वर्षं होती. पण प्रेक्षकांना त्यात काही चुकलं असं वाटलं नसणार. सव्वाशे वर्षांत ही प्रथा इतकी अंगवळणी पडली होती, की ती सनातन वाटू लागली होती.

गर्दी, दाखले आणि चेंगराचेंगरी

जिथे फुकट सोनं मिळतं तिथे दोनदा रांगेत उभी राहणारी माणसं येणारच. म्हणून नियम आले. रोग्याने आपल्या गावच्या पाद्र्याचा दाखला आणायचा, की याला पूर्वी राजाने हात लावलेला नाही. मग राजाचे शल्यवैद्य तपासणार, खरोखर गंडमाळ असेल तरच प्रवेशाचा बिल्ला देणार. उन्हाळ्यात किंवा साथ असताना विधी बंद, तसे जाहीरनामे निघत. दाखला, तपासणी, बिल्ला, तारीख. रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणालाही हे नवीन नाही.

१६४२ साली यादवी युद्ध पेटलं आणि एंजल पाडणं थांबलं, ते कायमचं. पहिल्या चार्ल्सकडे सोनं उरलं नाही तेव्हा त्याने चांदीची नाणी दिली. तो कैदेत पडला तरी लोक हात लावून घ्यायला येत राहिले, आणि संसदेला ही गर्दी डोईजड वाटू लागली. १६४९ साली त्याचा शिरच्छेद झाला तेव्हा काहींनी त्याच्या रक्तात रुमाल बुडवून नेले, आणि त्या रुमालांनी रोग बरे झाल्याच्या कथा पसरल्या. राजा गेला, नाणं गेलं, तरी लोकांची निकड गेलेली नव्हती.

दुसरा चार्ल्स परदेशात परागंदा होता तेव्हाही लोक समुद्र ओलांडून त्याच्याकडे जात. त्याच्यापाशी द्यायला पैसा नव्हता, म्हणून रोग्यांनीच आपापलं सोन्याचं नाणं बरोबर न्यायचं! राजाने ते त्यांच्याच गळ्यात बांधायचं. १६६० साली तो गादीवर परतला आणि त्याने जणू मागची सगळी थकबाकी फेडायला घेतली. जॉन ब्राउन या त्याच्या शल्यवैद्याने १६८४ साली छापलेल्या नोंदींप्रमाणे १६६० ते १६८२ या काळात, मधली काही वर्षं वगळून, नव्वद हजारांहून जास्त लोकांना या राजाने हात लावला. वडिलांचं डोकं जिथे उडवलं गेलं त्या देशात परत आलेल्या राजाला, आपणच खरे राजे आहोत, हे रोज नव्याने दाखवण्याची गरज होती.

इतकी एंजल आणायची कुठून? मग टाकसाळीत खास पदकं पाडली जाऊ लागली. एका बाजूला मायकेल, दुसऱ्या बाजूला जहाज, चित्र तेच. फक्त आकार लहान, सोनं कमी, आणि बाजारात चालायचं नाणं ते राहिलं नाही. इंग्रजीत त्याला 'स्पर्शाचं पदक' अशा अर्थाचं नाव आहे. व्यवहारातून निघून गळ्यात गेलेला देवदूत आता थेट गळ्यासाठीच जन्माला येऊ लागला.

१६८४ च्या मार्चमधली नोंद जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत आहे. प्रवेशाचे बिल्ले घेण्यासाठी शल्यवैद्याच्या दारापाशी इतकी रेटारेटी झाली, की सहा-सात माणसं चेंगरून मेली. गंडमाळेने सहसा जीव जात नव्हता. तो गेला ताईत मिळवण्याच्या गर्दीत.

एका आईचा प्रवास

आतापर्यंत आपण राजांकडून पाहिलं. आता घेणाऱ्यांच्या बाजूने पाहू. तिथे आपल्याला एक खात्रीची हकिगत मिळते, कारण तो मुलगा पुढे फार मोठा लेखक झाला. इंग्रजी शब्दकोशकार सॅम्युअल जॉन्सन. जन्म १७०९, लिचफील्ड गावी, पुस्तकं विकणाऱ्याच्या घरी. दुधासाठी ठेवलेल्या दाईकडून त्याला गंडमाळ लागली असं मानलं जाई.

१७१२ च्या मार्चमध्ये, मुलगा अडीच वर्षांचा असताना, आई त्याला घेऊन लंडनला निघाली. सर जॉन फ्लॉयर या नामांकित डॉक्टरने तसा सल्ला दिला होता. म्हणजे ही नुसती अडाणी माणसाची समजूत नव्हती. आई गरोदर होती, पण प्रवासात कोणी आडकाठी करू नये म्हणून तिने ते लपवलं. वाटेत लुटारूंची भीती, म्हणून दोन गिनी तिने परकराच्या शिवणीत घातल्या होत्या. जाताना घोडागाडी, येताना मालवाहू खटारा. सांगायला कारण मुलाचा खोकला, पण काही शिलिंग वाचवणं हेही त्यात होतंच. हे सगळं जॉन्सन यांनी स्वतःच पुढे आठवणींत लिहून ठेवलं आहे. लंडनमध्ये आईने त्याला चांदीचा छोटा पेला आणि चमचा घेतला. आणि राणी ॲनने हात लावून गळ्यात मायकेलचं पदक बांधलं. हिऱ्यांचे दागिने घातलेली, काळं शिरोवस्त्र घेतलेली एक बाई, एवढी राणीची आठवण त्यांना राहिली.

गंडमाळ बरी झाली नाही. पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, चेहऱ्यावर आणि मानेवर व्रण राहिले, नजर अधू झाली. जॉन्सन यांच्या आयुष्यात फार ओढग्रस्तीचे दिवस आले. तो चांदीचा पेला त्यांच्या पत्नीने अडचणीत विकला. पदक मात्र ते जन्मभर जवळ बाळगत राहिले. आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आम्ही या प्रसंगापाशी पुन्हा पुन्हा येतो. ज्या पदकाने काहीच बरं केलं नाही ते इतक्या विचारी माणसाने का ठेवलं असेल? त्यांच्या मनात शिरून सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण त्या पदकाला राणीच्या हाताखेरीज आणखी एका हाताचा स्पर्श होता, हे विसरून चालणार नाही. ते मिळावं म्हणून एक गरोदर बाई परकरात पैसे शिवून लंडनपर्यंत गेली होती.

मग कोणी बरं होत होतं का?

हा प्रश्न टाळणं बरोबर नाही. होत होतं, निदान तसं दिसत होतं. गंडमाळेचा स्वभावच चढउताराचा. गाठी वाढतात, मग महिनोन् महिने काही न करता बसतात, पुन्हा उठतात. रोगी वाईट दिवसांत राजाकडे जायचा. त्यानंतर उतार पडला तर श्रेय हाताला. पुन्हा उठला तर दोष रोग्याच्या श्रद्धेला, किंवा त्याने पदक गळ्यातून काढलं त्याला. ताईत गमावल्यावर रोग उलटल्याच्या कथा त्या काळात मुबलक आहेत. अशी मांडणी असली की ताईत कधीच हरत नाही.

राणी ॲन १७१४ साली वारली आणि गादीवर आलेल्या जॉर्जने हा विधी बंद केला. त्याला संसदेच्या कायद्याने राज्य मिळालं होतं, चमत्काराची गरज नव्हती. तिच्याआधीच्या तिसऱ्या विल्यमनेही हात लावायला नकार दिला होता. एका रोग्याला त्याने चांगल्या तब्येतीबरोबर अक्कलही मिळो अशी सदिच्छा दिल्याचं सांगतात. आणि गादी गमावून इटलीत बसलेले स्टुअर्ट घराण्याचे वारस? ते पदकं पाडतच राहिले. शेवटचा वारस हेन्री, जो कार्डिनल होता, १८०७ साली वारला. त्याची पदकं चांदीची होती. राज्य नाही, सोनं नाही, पण देवदूत आहे, कारण 'मीच खरा राजा' हे म्हणायला आता तेवढंच उरलं होतं.

सुरुवातीच्या प्रश्नाचं आमचं उत्तर इथे येतं. चारी बाजूंनी पाहिलं तर या देवदूताने सर्वांत जास्त रक्षण केलं ते देणाऱ्याच्या हक्काचं. ज्याचा हक्क डळमळीत तो जास्त वाटतो, ज्याला गरज नाही तो थांबतो.

आपल्या पेटीतली पुतळी

जाता जाता आपल्या घरात डोकावू. पुतळ्यांची माळ आपल्याला माहीत आहे. पण पुतळी मूळ कुठली? व्हेनिसचं सोन्याचं डुकाट नाणं, १२८४ पासून पाडलेलं, व्यापाराबरोबर आपल्या किनाऱ्याला आलं. त्यावर एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या वलयात येशू. आपल्या लोकांनी ती उभी माणसं पाहिली आणि नाव दिलं, पुतळी. सभासद बखरीतल्या शिवाजी महाराजांच्या खजिन्याच्या यादीतही पुतळ्या आहेत. पुढे आपल्याच सोनारांनी तसे ठसे केले, आणि लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा आणि ठिपके राहिले.

दोन्ही नाणी सोन्याची, दोन्हींवर ख्रिस्ती पवित्र आकृती, दोन्ही गळ्यात आली. पण प्रवास उलटे झाले. इंग्लंडच्या देवदूताचं सोनं आटत गेलं, शेवटी चांदीवर आलं, आणि त्यावरचा दावा तेवढा राहिला. आपल्या पुतळीवरचा संत विसरला गेला आणि सोनं तेवढं राहिलं. ते सोनं बाईचं स्वतःचं, स्त्रीधन. मेरी राणीने घातलेली अट आपल्या आज्यांना कोणी सांगावी लागली नाही. अगदी नड आली तरच मोडायचं, पण नड आली तर मोडायचं. दुष्काळात, आजारपणात, मुलाच्या शिक्षणाला पुतळी मोडली जायची. संकटाच्या वेळी दोन्हींपैकी कोणत्या नाण्याने जास्त माणसं तारली असतील, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा.

गंडमाळ इतिहासजमा झालेली नाही. आपल्या देशात फुफ्फुसाबाहेरचा क्षय सर्वांत जास्त आढळतो तो या मानेतल्या ग्रंथींचाच. फरक एवढा, की आज त्यावर औषध आहे, ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि महिनोन् महिने न चुकता घ्यावं लागतं. मुलीच्या गळ्यात देवदूत घालणाऱ्याला आम्ही हसणार नाही. जॉन्सन यांच्या आईला हसण्याची आमची छाती नाही. पण गाठ दिसली तर ती आई आज जिथे गेली असती तिथे आपण जावं. ती तिच्या काळातल्या सर्वांत नामांकित डॉक्टरचं ऐकून निघाली होती.